स्पॉटिंग स्कोपवर दुसऱ्या कंपनीचा झूम आयपीस कसा बसवायचा

स्पॉटिंग स्कोप म्हणजे ट्रायपॉडवर लावून पक्षी बघायची एकनळी दुर्बीण. ती घेताना सगळं लक्ष पुढच्या भिंगाकडे असतं. ६५ मिमी की ८०, रंगीत कडा कमी करणारी ईडी काच की साधी, एवढं बघून पैसे मोजले जातात आणि सोबत येणारा २०-६० पटींचा झूम आयपीस, म्हणजे डोळ्याकडचा भिंगांचा भाग, मुकाट्याने पदरात पडतो. पक्ष्यांमागे फिरायला लागलं की त्याचे रंग कळतात. २० पटीला दाराच्या फटीतून बघितल्यासारखं अरुंद दृश्य, ४५ च्या पुढे दुधाळपणा, आणि चष्मा लावून बघावं तर कडा गायब. त्याच कंपनीचा वरच्या दर्जाचा झूम मिळत असेल तर प्रश्नच मिटला, तो घ्या आणि पुढचं वाचू नका. पण स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच स्कोपना तसा पर्याय नसतो. मग नजर जाते आकाशनिरीक्षणवाल्यांच्या ८-२४ मिमी झूमकडे (हे मिमी म्हणजे पट नव्हे, आयपीसची फोकल लेंथ; पट कशी काढायची ते पुढे).

हे जमतं, पण सरसकट जमत नाही. बहुतेक जण आटे किंवा बायोनेट (दात अडकवून थोडं फिरवायची जोडणी) जुळतंय का एवढंच विचारतात आणि ॲडॉप्टर मागवून मोकळे होतात. आटे जुळवायला लेथवाला बसलाय. आयपीस स्कोपच्या तोंडापासून, म्हणजे तो जिथे बसतो त्या मागच्या टोकापासून, नेमका किती अंतरावर बसणार, हे मात्र कोणी मोजत नाही, आणि सगळा जुगाड तिथेच फसतो. म्हणून या लेखात मोजमाप आधी आणि खरेदी नंतर.

बॉडी कुठल्या जातीची आहे

मूळ आयपीस काढून बघा. काहींना बाजूला बटण असतं, काहींना बिनडोक्याचा बारीक ग्रब स्क्रू, काही नुसते उलटे फिरवून निघतात. स्कोपचं तोंड जमिनीकडे झुकवूनच काढा, म्हणजे धूळ आत पडणार नाही. निघतच नसेल तर जोर लावू नका. आयपीस कायमचा बसवलेले स्कोप बाजारात भरपूर आहेत.

सगळ्यात सोपी जात सव्वा इंची नळीची. आकाशदर्शनाच्या दुर्बिणींचा हा जुनाच मापदंड आहे, ३१.७५ मिमी. पेंटॅक्सचे पीएफ-६५ईडी, पीएफ-८०ईडी, पीएफ-१००ईडी आणि सेलेस्ट्रॉनचे रीगल एम२ हे स्कोप सव्वा इंची आयपीस सरळ घेतात. यातलं काही तुमच्याकडे असेल तर ॲडॉप्टरचा खर्चही नाही. तरीही प्रिझमपर्यंतची खोली मोजायची खालची चाचणी चुकवू नका.

दुसरी जात आट्यांची. निकॉनचे जुने फील्डस्कोप असे आहेत, आणि वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या कित्येक ८० मिमी स्कोपमध्ये आयपीसखाली कॅमेरा जोडण्यासाठी आटे दिलेले असतात. हे आटे बहुधा टी-२ या ठरलेल्या मापाचे असतात. तसं असेल तर टी-२ वरून सव्वा इंचीवर येणारा तयार ॲडॉप्टर दुर्बिणींच्या दुकानात मिळतो.

तिसरी जात बायोनेटची: कोवा ७७० आणि ८८० मालिका, लायकाचे एपीओ-टेलेव्हिड, झाइसचे डायस्कोप, निकॉन मोनार्क. प्रत्येकाचे दात वेगळे. एकाचा आयपीस दुसऱ्यात अर्धवट शिरेल, थोडा फिरेलही, पण तो बसलेला नसतो. काही कंपन्यांनी आपल्या बायोनेटसाठी स्वतःच सव्वा इंची ॲडॉप्टर काढलेले आहेत. असा ॲडॉप्टर जुन्या मालात मिळाला तर सोडू नका. नाहीतर या महागड्या बॉडींच्या वाटेला न जाणंच बरं, कारण त्यांचा स्वतःचा झूम बाहेरच्या बहुतेक झूमपेक्षा सरस असतो.

स्वारोव्स्कीचे एटीएक्स आणि एसटीएक्स यांचा विचारच करू नका. त्यात प्रिझम आणि झूम दोन्ही आयपीसच्या भागात असतात. तो भाग काढल्यावर हातात उरतं ते नुसतं पुढचं भिंग आणि नळी.

एक शंका हमखास विचारली जाते: आकाशदर्शनाचा आयपीस लावला की चित्र उलटं दिसेल का? नाही. चित्र सुलटं करण्याचं काम स्कोपच्या पोटातलं प्रिझम करतं, आयपीस नाही.

किती पट मिळणार, किती रुंद दिसणार

फोकल लेंथ म्हणजे भिंगापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे तयार होते तिथपर्यंतचं अंतर. स्कोपची फोकल लेंथ भागिले आयपीसची फोकल लेंथ म्हणजे पट. पेंटॅक्स पीएफ-६५ईडीची फोकल लेंथ ३९० मिमी. त्याला ८-२४ झूम लावला तर २४ वर १६ पट आणि ८ वर ४९ पट. रीगल एम२ च्या ८० मिमीची ४८० मिमी, म्हणजे त्याच झूमने बरोबर २० ते ६० पट.

आता गंमत बघा. ४८० वाल्या स्कोपचा मूळ झूमही २०-६० च आहे. म्हणजे पटीत काडीचाही फायदा नाही. बदलतं ते दृश्याचं कोनीय माप आणि काचेचा दर्जा. साधा ८-२४ झूम २४ वर सुमारे ४० अंश आणि ८ वर सुमारे ६० अंश दाखवतो. बाडरचा हायपेरियन मार्क ४ हा ८-२४ झूम २४ वर ४८ आणि ८ वर ६८ अंश दाखवतो. या अंशांना पटीने भागलं की प्रत्यक्ष दृश्य मिळतं. १ अंश म्हणजे १ किमी अंतरावर साडेसतरा मीटर. पेंटॅक्स ६५ वर साधा झूम १६ पटीला अडीच अंश, म्हणजे किलोमीटरवर ४४ मीटरचा पट्टा दाखवेल. हायपेरियन ३ अंश, म्हणजे ५२ मीटर. कागदावर हा फरक फारसा वाटत नाही. पण उडत्या थव्याला पकडताना हेच आठ मीटर कामाला येतात.

स्कोपची फोकल लेंथ माहितीपत्रकात नसेल तर ती काढता येते. कुठलाही ठाऊक फोकल लेंथचा आयपीस, समजा २० मिमीचा, स्कोपच्या मागे फोकसमध्ये धरा, स्कोप उजळ आकाशाकडे रोखा आणि आयपीसमागे ट्रेसिंग पेपर धरा. कागद पुढेमागे केल्यावर प्रकाशाचा ठिपका एका जागी सर्वात लहान आणि रेखीव दिसतो. व्हर्निअरने त्याचा व्यास मोजा. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले या ठिपक्याचा व्यास म्हणजे पट, आणि पट गुणिले २० म्हणजे फोकल लेंथ. कमी पटीचा आयपीस वापरा. ठिपका मोठा असला की मोजण्यातली चूक लहान राहते.

हाच ठिपका दुसरंही सांगतो. ८० मिमीच्या स्कोपवर २० पटीला तो ४ मिमी आणि ६० पटीला जेमतेम सव्वा मिमी असतो. म्हणून ६० ला संध्याकाळी अंधारून येतं. नवा महाग झूम लावला म्हणून यात फरक पडत नाही. आणि ३-८ मिमीचे ग्रहांसाठीचे झूम पक्ष्यांसाठी घेऊच नका. ४८० मिमीच्या स्कोपवर त्यांची सुरुवातच ६० पटीला होते आणि शेवट १६० ला. आक्षीच्या किनाऱ्यावर किंवा ठाण्याच्या खाडीत ऊन चढलं की चिखलावरून हवा थरथरायला लागते; तेव्हा ३० पटीवर तुतारी आणि चिखल्या यांच्यातला फरक कळला तरी पुष्कळ.

चष्मा असेल तर झूमचं आणखी एक माप बघा: डोळा आयपीसपासून किती दूर ठेवून पूर्ण दृश्य दिसतं. १२ ते १५ मिमी असेल तर चष्म्यातून कडा कापल्या जातील. १८ च्या आसपास असेल तर आरामात. आकाशदर्शनाचे बरेच झूम इथे कमी पडतात, कारण रात्री दुर्बिणीला डोळा लावताना अनेक जण चष्मा काढूनच ठेवतात. दुकानात जाऊन चष्म्यासकट बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे माझं ठाम मत.

हाताने धरून चाचणी

इथपर्यंत कागदावरचं काम. आता ज्यावर सगळं ठरतं ती चाचणी. त्यासाठी ॲडॉप्टर लागत नाही. फक्त झूम आयपीस हवा, आणि तो उसना आणता येतो. आकाशदर्शन करणाऱ्या कुठल्याही गटात एखादा ८-२४ असतोच.

आधी थोडा हिशेब समजून घ्या. दूरच्या वस्तूची प्रतिमा स्कोपमध्ये भिंगाच्या जवळ तयार होते, जवळच्या वस्तूची मागे सरकते. ४८० मिमी फोकल लेंथच्या स्कोपमध्ये चंद्र आणि १ किमीवरचा मोबाईल टॉवर यांच्या प्रतिमांमध्ये पाव मिमीसुद्धा अंतर नसतं. १०० मीटरवरच्या झाडाची प्रतिमा चंद्राच्या प्रतिमेपेक्षा सव्वादोन मिमी मागे पडते. २० मीटरवरच्या खांबाची जवळपास १२ मिमी. फोकसची चकती फिरवून आपण हाच फरक भरून काढत असतो.

याचा अर्थ असा, की ज्या स्कोपचा फोकस मूळ आयपीससोबत अनंतावर येऊन थांबतो, त्यावर नवा आयपीस सव्वादोन मिमी जास्त बाहेर बसला तर १०० मीटरच्या पलीकडचं काहीच स्पष्ट दिसणार नाही. १२ मिमी बाहेर बसला तर अंगणातली चिमणी सुरेख दिसेल आणि खाडीतले रोहित धुकं होऊन बसतील. उलट तो जास्त आत बसला तर दूरचं सगळं व्यवस्थित, फक्त जवळचा फोकस लांबतो. पाच मीटरऐवजी पंधरा मीटरपासून पुढचं दिसतं. पक्षी बघणाऱ्याला दुसरी चूक चालते, पहिली अजिबात नाही. म्हणून शंका असेल तिथे आयपीस थोडा आतच बसू द्या.

चाचणी अशी करा:

१. स्कोप ट्रायपॉडवर पक्का लावा आणि मूळ आयपीसने किमान किलोमीटरभर दूरची वस्तू फोकस करा. पाण्याची टाकी, टॉवर, डोंगरावरचं देऊळ, काहीही. रात्री चंद्र उत्तम. सूर्याकडे चुकूनही नाही.

२. फोकसची चकती दूरच्या बाजूला टोकापर्यंत फिरवून बघा, मग तिथून किंचित मागे आणा. ही तुमची काम करायची जागा. अगदी टोकावर काम करू नका.

३. मूळ आयपीस काढा. आता नवा झूम २४ वर ठेवून हातात धरा, स्कोपच्या तोंडामागे सरळ रेषेत आणा आणि हळूहळू पुढेमागे करा. हात थरथरेल, चित्र नाचेल, पण एका जागी टॉवर क्षणभर लख्ख होईल.

४. त्याच क्षणी सोबतच्या माणसाने स्कोपच्या तोंडाची कड आणि आयपीसचा खांदा यांच्यातलं अंतर मोजायचं. खांदा म्हणजे सव्वा इंची नळी जिथे संपते आणि आयपीसचं जाड अंग सुरू होतं ती कड. चार-पाच वेळा मोजा आणि सरासरी घ्या.

५. हेच १६ आणि ८ वर करा. कुठलाच झूम सगळ्या पटींना फोकस तंतोतंत धरून ठेवत नाही. तिन्ही मापांतलं सर्वात लहान माप धरायचं.

ॲडॉप्टरची उंची, म्हणजे स्कोपच्या कडेपासून आयपीसचा खांदा जिथे टेकणार तिथपर्यंतचं अंतर, या मापाएवढी किंवा १-२ मिमी कमी हवी. कमी का? लघुदृष्टीचा माणूस चष्मा काढून बघतो तेव्हा त्याला आयपीस आणखी थोडा आत लागतो. तेवढी जागा नसेल तर तुम्हाला दिसेल आणि तुमच्या मित्राला दिसणार नाही.

माप शून्याच्या खाली गेलं, म्हणजे खांदा स्कोपच्या तोंडाच्या आत शिरल्याशिवाय चित्र स्पष्ट होतच नसेल, तर कुठलाही ॲडॉप्टर तुम्हाला तारणार नाही. तोंडाचं भोक ३१.७५ मिमीपेक्षा लहान असेल तर नळी आतच जात नाही, आणि नळीच्या लांबीएवढं अंतर फुकट जातं. अशा वेळी झूमची नळी सुटी होते का बघा. हायपेरियनची होते. तिच्याखालच्या आट्यांवरून आयपीस स्कोपच्या बराच जवळ आणता येतो. बाकी झूममध्ये हे नशिबावर.

बार्लो भिंगाची, म्हणजे पट वाढवायला आयपीसपुढे लावतात त्या भिंगाची, युक्तीही सांगितली जाते. बार्लोचा पुढचा काचेचा भाग काढून तो आयपीसच्या नळीच्या टोकाला, फिल्टरच्या आट्यांवर लावायचा. त्याने प्रतिमा बाहेर ढकलली जाते आणि दूरचा फोकस सापडतो. पण पट साधारण १.३ ते १.५ ने वाढते. २० ची सुरुवात २६ ते ३० वर जाते. चंद्रासाठी ठीक. पक्ष्यांसाठी मला हा सौदा पटत नाही. झूम घेतो तेच मुळी कमी पटीला रुंद दिसावं म्हणून.

प्रिझमला नळी लागू देऊ नका

ही बाब छोटी आहे, पण चुकली तर महागात पडते. काही स्कोपमध्ये तोंडापासून प्रिझमपर्यंत पुरेशी खोली नसते. आयपीसची नळी, तिच्यावर लावलेला फिल्टर किंवा बार्लोचा भाग थेट काचेवर टेकू शकतो. एक ओरखडा आणि स्कोप कायमचा डागाळला.

तोंडावर पट्टी आडवी ठेवा आणि आत डोकावून बघा. काच दिसतेय तिथपर्यंतची खोली मऊ कागदाची गुंडाळी हलकेच आत सोडून मोजता येते; व्हर्निअरची लोखंडी दांडी काचेजवळ न्यायची नाही. या खोलीतून किमान ३ मिमी वजा करा. नळी त्यापेक्षा जास्त आत जाणार असेल तर नळीवर थांबा-कडी बसवा. पितळेची किंवा नायलॉनची कडी, बारीक स्क्रूने आवळलेली, की नळी त्याच्या पुढे जाणार नाही.

आतली ती काच प्रिझमची आहे की तिच्यापुढे बंद खिडकी आहे, तेही याच वेळी पाहून घ्या. जलरोधक स्कोपमध्ये अनेकदा सपाट काचेची खिडकी असते आणि तिच्यामागे नायट्रोजन भरलेली बॉडी बंद राहते. खिडकी नसेल तर आयपीस काढला की स्कोपचं पोट उघडं पडतं. त्या स्कोपचा आयपीस बाहेर, वाऱ्यात, किनाऱ्यावर बदलायचा नाही.

आटे आणि लेथवाला

सव्वा इंची बॉडी असेल तर हा भाग सोडून द्या.

आट्यांच्या बॉडीत सगळ्यात मोठा घोळ ४२ मिमीचा आहे. टी-२ म्हणजे व्यास ४२ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७५ मिमी. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सचे आटेही ४२ मिमीचेच, पण पिच १. दोन्ही एकमेकांत एक-दीड फेरा गुपचूप जातात आणि मग अडकतात. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे मेले. ओळखायची रीत सोपी: दहा आट्यांची लांबी मोजा. साडेसात मिमी आली तर टी-२, दहा मिमी आली तर कॅमेऱ्याचे. दहा आटे नसतील तर पाच मोजा. हायपेरियनच्या डोळ्याकडच्या रबराखाली जे आटे असतात ते ४३ मिमीचे. ते कॅमेरा किंवा मोबाईल जोडण्यासाठी आहेत, स्कोपच्या बाजूचे नव्हेत.

तयार ॲडॉप्टर मिळाला नाही तर करून घ्या. भोसरी, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीच्या आजूबाजूला छोटी कामं घेणारे लेथवाले असतात. त्यांच्याकडे स्कोप घेऊन जाऊ नका. लोखंडाचा बारीक चुरा सगळीकडे उडत असतो. मूळ आयपीस किंवा कंपनीची कॅमेरा-रिंग नमुना म्हणून न्या. चांगला टर्नर आधी आट्यांवरून नख फिरवतो, मग खोक्यातून पिच गेज काढून एकेक पातं लावून बघतो आणि पातं बसलं की उजेडाकडे धरून फट दिसते का पाहतो. जो हे न करता नुसता अंदाज सांगतो त्याच्याकडून काम परत घ्या.

त्याला द्यायचं चित्र हाताने काढलं तरी चालतं, पण मापं स्पष्ट हवीत. आतलं भोक ३१.८ मिमी, ३२ झालं की आयपीस डुगडुगतो. उंची तुम्ही मोजलेली. खांदा टेकतो ती कड आट्यांच्या अक्षाला काटकोनात, आणि यासाठी आटे आणि भोक एकाच बांधणीत, जॉब लेथच्या चकमधून (पकडीतून) न काढता करायला सांगा. नाहीतर आयपीस तिरका बसेल. आवळण्यासाठी एकच स्क्रू दिला तर तो आयपीस एका बाजूला ढकलतो; १२० अंशांवर तीन स्क्रू द्या, टोकाला नायलॉन, म्हणजे नळीला खड्डे पडणार नाहीत. आतून एका जागी चीर दिलेली पितळेची कडी दिली तर त्याहून उत्तम. धातू ॲल्युमिनियम, नाहीतर डेलरिन हे कडक प्लास्टिक. ॲल्युमिनियम आतून चकाकतं, म्हणून भोकाच्या मोकळ्या भागात बारीक आटे पाडून घ्या आणि त्यावर मॅट काळा रंग मारा.

बायोनेटसाठी दात कापून घेणं खर्चिक पडतं. त्यापेक्षा त्याच कंपनीचा बुरशी लागलेला, टाकाऊ आयपीस शोधा. त्याची बायोनेटची रिंग काढून नव्या नळीवर बसवता येते.

थ्रीडी प्रिंटचा ॲडॉप्टर उंची पडताळण्यासाठी झकास. कायमसाठी करायचा तर पीएलए हे प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक वापरू नका. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात नागपूरला उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी किंवा एएसए ही प्लास्टिकं घ्या.

बसवल्यानंतरची तपासणी

सकाळी लवकर, हवा शांत असताना. तीसेक मीटरवर छापील कागद चिकटवा, बारीक अक्षरांचा. आधी मध्यावर फोकस करा आणि पूर्ण झूम आत-बाहेर फिरवा. मधलं अक्षर पट बदलताना थोडं सरकेल, ते चालतं. दृश्याच्या पाव भागाएवढं पळत असेल तर आयपीसच्या आतली भिंगं सरळ रेषेत नाहीत, परत करा.

मग कडा. स्पॉटिंग स्कोपचं भिंग आखूड, एफ/५ ते एफ/६.५ च्या घरातलं (फोकल लेंथ व्यासाच्या ५ ते साडेसहा पट) असतं, आणि त्यात मागे जाड प्रिझम. कंपनी आपला आयपीस या जोडीला जुळवून घेते. बाहेरचा आयपीस तसा जुळवलेला नसतो. त्यामुळे मध्य आधीपेक्षा कडक आणि कडा किंचित मऊ, हे अपेक्षित आहे. पण एकच बाजू मऊ दिसली तर काहीतरी तिरकं आहे. स्क्रू सैल करून आयपीस ९० अंश फिरवा. मऊ बाजू आयपीसबरोबर फिरली तर दोष आयपीसचा. जागीच राहिली तर ॲडॉप्टरचा, नाहीतर स्कोपचा. मग मूळ आयपीस लावून बघितलं की दोघांतला कोण ते कळतं.

शेवटी कमी पटीवर स्कोप आकाशाकडे धरून आयपीसपासून हातभर मागे उभे राहा. प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल दिसला पाहिजे. कडेने चंद्रकोरीसारखा कापलेला दिसला तर ॲडॉप्टरची आतली कड किंवा नळी प्रकाश अडवतेय. ठिपक्याभोवती राखाडी चमक दिसली तर काळा रंग नीट लागलेला नाही. दोन इंची आयपीस लावण्याच्या फंदात लोक पडतात, त्यांना हा ठिपका आणि दृश्याच्या काळवंडलेल्या कडा बघून लगेच उमगतं, की प्रिझमचं तोंडच मुळात तेवढ्या रुंद दृश्यासाठी केलेलं नसतं.

वजन, पाऊस, बुरशी

हायपेरियनसारखा झूम तीनशे ग्रॅमच्या घरात जातो. ६५ मिमीच्या हलक्या बॉडीवर तो मागे लावला की तोल बदलतो आणि ट्रायपॉडचं डोकं सैल केलं की स्कोप मागे कलंडतो. स्कोपच्या पायाखाली सरकती प्लेट घालून बॉडी थोडी पुढे घ्या. ४५ अंश वाकलेल्या स्कोपमध्ये ट्रायपॉड खांद्यावर टाकून चालताना आयपीस निसटण्याची भीती असते, कारण तो आता बायोनेटने नाही तर स्क्रूच्या दाबाने धरलेला आहे. नळीवर खाच असेल तर स्क्रू खाचेतच आवळा, आणि आयपीसला मनगटाच्या दोरीसारखी एक बारीक दोरी बांधून ती स्कोपच्या पट्ट्याला अडकवा.

सूर्य बघण्यासाठी आयपीसच्या आट्यांवर लागणारे काळे फिल्टर जुन्या दुर्बिणींबरोबर येत. सव्वा इंची झूमवर ते बसतात, पण लावू नका. आत एकवटलेल्या उष्णतेने ते तडकतात आणि डोळा जातो. सूर्याचा फिल्टर स्कोपच्या पुढच्या भिंगावरच लागतो.

आकाशदर्शनाचे बहुतेक झूम जलरोधक नसतात. झूमची फिरती रिंग हवा आत-बाहेर ओढते, आणि कोकणातल्या दमट हवेत भिंगांवर बुरशीची जाळी धरायला एक पावसाळा पुरतो. जून ते सप्टेंबर हा आयपीस स्कोपवर ठेवूच नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचे दाणे रंग बदलले की ते तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरा. स्कोपला तेव्हा मूळ झूम लावून ठेवायचा. बॉडी जलरोधक असली तरी तो बसवलेला असतानाच ती पूर्ण झाकलेली राहते, म्हणून नवा आला की जुना विकायची घाई करू नका.